गिटार एक नग, शेती अवजार

समृद्धीसाठी गिटार मी स्वतःच्या हातानं बनवणार, हे वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा खोलीत फक्त घरची माणसं असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. घरच्या माणसांसमोर बोललेलं मला परत घेता येतं, वीस वर्षांचा सराव आहे. पण त्या दिवशी शेजारचे रमणलालशेठ आमच्याकडे पेपर वाचायला बसले होते. कळंबच्या चौकात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांच्या कानावर सकाळी पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत खिळ्यांच्या पुड्यांबरोबर अर्ध्या गावात पोचते.

प्रसंग तसा साधा होता. समृद्धीला उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि महिन्याभरानं निघायचं होतं. हॉस्टेलच्या खोलीत तिघी, प्रत्येकीला एक कॉट, एक कपाट आणि कॉटखाली मावेल अशी तीस इंची ट्रंक. तिची गिटार चांगली चाळीस इंचांची. समृद्धीनं टेपनं गिटार मोजली, हॉस्टेलची यादी पुन्हा एकदा वाचली आणि म्हणाली, "राहू द्या पप्पा. इथंच राहू द्या." एवढंच. रडली नाही, रुसली नाही. रुसली असती तर मी तिच्यावर रागावलो असतो आणि विषय तिथंच मिटला असता.

आमची पोरगी फारसं बोलत नाही, हे इथंच सांगून टाकतो. शाळेत सहा वर्षं एका बाकावर बसलेल्या प्राचीशी तिचं पहिलं मोठं बोलणं झालं ते दहावीच्या निरोप समारंभात. घरात काही बिनसलं की ती दार लावून गिटार वाजवते. आनंद झाला तरी दार लावून गिटारच वाजवते. आम्ही नवराबायको स्वयंपाकघरात बसून आज काय झालं असेल ते ओळखायचा प्रयत्न करतो. अशी मुलगी चारशे किलोमीटरवर, दोन अनोळखी पोरींच्या खोलीत, गिटारीशिवाय. संध्याकाळी ही करणार काय? कोणाशी बोलणार?  आणि काळजी वाटली की मी मोठ्यानं बोलतो.

"लहान गिटार असते की," मी म्हणालो. "प्रवासाची. ट्रंकेत मावणारी."

"असते," समृद्धी म्हणाली. "विकत मिळते."

"विकतची कशाला? मी स्वतःच्या हातानं बनवून देतो."

माझी बायको अश्विनी कणीक मळत होती, तिचे हात थांबले. रमणलालशेठनी पेपर खाली केला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत आदरानं म्हणाले, "सुदर्शनराव, तुमच्याकडे ड्रिल मशीन आहे?"

माझ्याकडे ड्रिल मशीन नव्हतं. माझ्याकडे जे होतं ते सांगतो. मी दूध संकलन केंद्रात फॅट मोजतो. गेली एकवीस वर्षं. तीन पूर्णांक चार म्हणजे तीन पूर्णांक चार, त्याचं साडेतीन माझ्या हातून झालेलं नाही, त्यासाठी लोकांनी शिव्या दिल्या, एकदा एकानं रिकामी किटली फेकली. गिटार बनवायला लागते ती हीच वृत्ती, असं मी व्हिडिओत पाहिलं. गिटारीच्या मानेवर ज्या आडव्या बारीक पट्ट्या, म्हणजे पडदे असतात, त्यांच्यातली अंतरं दशांशात काढावी लागतात. मी एका दुपारी बसून सगळी अंतरं तीन दशांश स्थळांपर्यंत काढली आणि वही समृद्धीला दाखवली. ती म्हणाली, "छान आहे." मला वाटलं, आता फक्त लाकडाचंच काम उरलं.

व्हिडिओतला माणूस म्हणत होता, लाकूड हलकं पाहिजे, जुनं पाहिजे आणि बरीच वर्षं सावलीत वाळलेलं पाहिजे. आमच्या टँकरचा ड्रायव्हर संपत म्हणाला, "भाऊ, आमच्या घाटघरच्या मामाकडं हाय तसलं. शिवणीचं. वादळात पडल्यालं झाड व्हतं, बारा वर्सं झाली, माळ्यावर ठिवलंय. त्यो कुनाला देत न्हाई, पर तुमी मागून बघा."

रविवारी स्कूटरवर घाटघर गाठलं. संपतचे मामा जानकू म्हणजे सत्तरीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. मी लाकूड कशाला पाहिजे ते सांगितलं. त्यांना गिटार म्हणजे काय ते माहीत होतं, टीव्हीवर पाहिली होती, पण ती माणसं बनवतात हे नवीन होतं. त्यांनी माळ्यावरून फळ्या उतरवल्या, नखानं टिचकी मारून एकेक मला ऐकवली आणि ज्या दोन सगळ्यात चांगल्या वाजल्या त्याच बांधून दिल्या. मी पाकीट काढलं.

"लेकीसाठी हाय म्हनता ना," जानकू म्हणाले. "मग ठेवा ते. तिला म्हनावं, वाजवताना घाटघरचं नाव घे."

मला भरून आलं. त्याच भरल्या मनानं मी घाटघरच्या डोंगरातून खाली आलो आणि जुन्नरच्या अलीकडे वनखात्याच्या नाक्यावर मला अडवलं.

नाक्यावरचे साहेब तरुण होते आणि फार सभ्य होते, हीच अडचण होती. उद्धट माणसाशी निदान भांडता येतं. "कागद आहे का?" त्यांनी विचारलं. नव्हता. "हरकत नाही, इथंच अर्ज भरू," ते म्हणाले आणि त्यांनी छापील फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता, लाकूड नेण्याचं प्रयोजन, आणि पुढे तीनच पर्याय छापलेले होते. इमारती, जळाऊ, शेती अवजारे.

"प्रयोजन काय?"

"गिटार."

साहेबांनी पेन टेकवलं, उचललं. "इमारती टाकलं तर बांधकामाचा नकाशा जोडावा लागेल. जळाऊ टाकलं तर शिवण जळणात बसत नाही. मग उरलं शेती अवजार."

"मग नांगर लिहा," मी म्हणालो.

"खोटं कशाला लिहायचं?" साहेबांना वाईट वाटलं. त्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं, गिटार एक नग, शेती अवजार. मग तोच सभ्य चेहरा वर करून म्हणाले, "आता तुम्ही शेतकरी असल्याचा सातबारा जोडा. सामाईक खातं असेल तर दुसऱ्या खातेदाराचं संमतीपत्र. तोवर फळ्या इथं नीट ठेवतो, पावसापाण्याची काळजी करू नका."

म्हणजे गिटारीला सातबारा लागणार होता. हे मी घरी सांगितलं तेव्हा अश्विनीनं आधी गॅस बारीक केला. मग म्हणाली, "गोरखभाऊजींकडं जावं लागेल."

तीच तर खरी मेख होती. निरगुडसरला आमची तीन एकर आहे, माझ्या आणि माझा चुलतभाऊ गोरख याच्या नावावर. शेती तो करतो. आणि गोरख माझ्याशी तीन वर्षं बोलत नव्हता. कारण बांध नाही, विहीर नाही, वाटणी नाही. तीन वर्षांपूर्वी यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती होत्या आणि माझ्या अचूकतेची ख्याती ऐकून गावानं स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं होतं. गोरखचा गाडा सुटला, वाऱ्यासारखा वर गेला, भंडारा उधळला, लोकांनी गोरखला खांद्यावर घेतलं. मी घड्याळ पाहिलं. बारा पूर्णांक एकेचाळीस शतांश सेकंद. आधीचा गाडा होता बारा पूर्णांक एकोणचाळीस. मी माइकवर तसं सांगितलं. गोरखला खांद्यावरून खाली ठेवण्यात आलं.

"दोन शतांश," तो त्या दिवशी मला म्हणाला होता. "डोळ्याची पापनी लवाया लागत न्हाई तेवढं. सख्खा चुलतभाऊ असून." त्यानंतर नाही बोलला.

मी निरगुडसरला गेलो तेव्हा गोरख गोठ्यात बैलांना न्हाऊ घालत होता. त्यानं माझ्याकडे न बघता बैलाला सांगितलं, "बस म्हनावं पावण्याला." मी बसलो. नंतरचा बराचसा संवाद बैलामार्फतच झाला. मी संमतीपत्राचा कागद पुढे केला. गोरखनं ओले हात धोतराला पुसून तो वाचला, पुन्हा वाचला.

"ह्यात अवजार काय लिव्हलंय?" हे मात्र त्यानं मला थेट विचारलं.

"गिटार."

"ह्ये काय पेराय बिराय लागतंय का?"

मी सगळं सांगितलं. ट्रंक, तीस इंच, उदगीर. समृद्धी "राहू द्या" म्हणाली तेही सांगितलं. गोरख बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. समृद्धी लहानपणी सुट्टीत याच गोठ्यात असायची, त्याच्या बैलांशी ती बोलायची, माणसांशी नाही. पशुवैद्यक होण्याचं खूळ तिच्या डोक्यात कुठून आलं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"पेन दे," गोरख म्हणाला.

सही करून कागद परत देताना तो एवढंच बोलला, "आन् सुतार कोन? तू? तुला खिळा ठोकता येत न्हाई." मी उठून आलो. मला खिळा ठोकता येतो. तो सरळ जात नाही, एवढंच.

चौथ्या दिवशी फळ्या सुटल्या. साहेबांनी खरंच त्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या होत्या. आता आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कामाला सुरुवात झाली आणि सुरुवात झाल्याचं रमणलालशेठनी दुकानातून सगळ्यांना सांगितलं. गच्चीवर वाळवणं घालायला येणाऱ्या बायका, पाण्याच्या टाकीचं झाकण बघायला येणारे पुरुष, सगळे माझ्याभोवती थांबू लागले. कोणी म्हणालं करवत उलटी धरलीय. कोणी म्हणालं एवढ्या फळीत दोन पाट झाले असते. रमणलालशेठ रोज दुपारी दुकान मुलावर सोपवून खुर्ची घेऊनच वर येत.

"लाकूड चिकटवायला सरस लागेल," मी त्यांना व्हिडिओतलं सांगितलं.

"सरस आम्ही दुकानात ठेवत नाही. हाडाकातड्याचा असतो," ते म्हणाले. "फेविकॉल घ्या. आणि तारा कसल्या आहेत? पूर्वी आतड्याच्या असायच्या म्हणतात."

"स्टीलच्या."

"मग ठीक. मग मी पण हात लावू शकतो." आणि त्यांनी हात लावला, म्हणजे फळीचं दुसरं टोक धरलं. मी करवत चालवली. शेठना शिंक आली. शिंकेचा दोष मी त्यांना देत नाही, कारण करवत त्याआधीच रेघ सोडून दोन बोटं आत गेली होती, हे माझं मला माहीत होतं. जानकूंनी टिचकी मारून निवडलेली फळी मधोमध उलली. तिघी वाळवणवाल्या बायका एकदम "अरेरे" म्हणाल्या.

फळ्या दोनच होत्या. एक उरली आणि दिवस उरले अठरा. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. समृद्धी गच्चीवर गेली, फळीचे दोन्ही तुकडे पुसून आणून तिच्या कपाटात ठेवले आणि मला काही म्हणाली नाही. माणसानं काही म्हणावं तरी.

सकाळी दारात गोरख उभा. तीन वर्षांत पहिल्यांदा. शेठच्या दुकानात तो खिळे घ्यायला आला होता आणि खिळ्यांबरोबर त्याला फळी उलल्याची बातमी मिळाली होती. तो आत आला, अश्विनीच्या हातचा चहा घेतला, उरलेली फळी काखेत मारली आणि म्हणाला, "सावळेरामकडं चल. आजची रजा टाक."

"मी स्वतःच्या हातानं बनवणार असं सांगितलंय," मी म्हणालो.

"मंग हात घिऊन चल."

सावळेराम सुतार शर्यतीचे गाडे बनवतो. पंचक्रोशीत त्याच्या गाड्याइतका हलका गाडा नाही. हलकेपणा आणि मजबुती, या दोन गोष्टींसाठी तो जगतो आणि त्यापलीकडे जगात काही असतं यावर त्याचा विश्वास नाही. त्यानं मी आणलेला गिटारीचा फोटो बराच वेळ पाहिला.

"किती वजन पायजे?"

"हलकी पाहिजे," मी म्हणालो.

"हलकी करतो. पर वढ किती बसनार?"

"सहा तारांचा ताण असतो, चाळीसेक किलो."

सावळेरामचे डोळे लकाकले. चाळीस किलोची ओढ सोसणारी, एका हातात मावणारी वस्तू. असं काम त्याला आजवर कोणी दिलं नव्हतं. दहा दिवस मी सकाळचं संकलन आटोपून निरगुडसरला जात होतो. तो तासायचा, मी पॉलिश पेपर घासायचो. पडद्यांसाठी रमणलालशेठनी सायकलचे स्पोक पाठवले, तुकडे मी कापले. माझी दशांशांची वही सावळेरामनं पाहिली आणि कानावरची पेन्सिल काढून म्हणाला, "ह्ये सुतात सांगा." एका इंचाची आठ सुतं. तीन दशांश स्थळांचं सुतात रूपांतर करताना माझ्या जिवाला किती यातना झाल्या ते त्या पेशातल्या माणसालाच कळेल. पण पडदे मी बसवले. माझ्या हातानं. गोरख रोज कशाच्या ना कशाच्या निमित्तानं यायचा आणि ओंडक्यावर बसून बघायचा. माझ्याशी बोलायचा, पण शर्यतीचा विषय टाळून.

अकराव्या दिवशी बिन पॉलिशची, पांढरीफटक, अठ्ठावीस इंचांची गिटार तयार झाली. सावळेरामनं एकच तार बांधून छेडली. काय सांगू, इतका स्वच्छ, मोकळा आवाज आला की गोरखनं विडी पेटवायची थांबवली. बाहेरच्या बैलानं मान वळवली. मला जानकूंची टिचकी आठवली. आम्ही तिघं पुरुष त्या एका तारेकडे बघत बसलो. मी मनात म्हणालो, सुदर्शन, झालं रे तुझ्या हातून. मग तार उतरवली, सावळेराम म्हणाला शेवटचा हात फिरवतो, आणि मी खुशीत घरी आलो.

इथपर्यंत चुका दुसऱ्यांच्या आणि दैवाच्या होत्या, असं म्हणता येईल. पुढची माझी एकट्याची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, म्हणजे केंद्रावर पन्नास किटल्यांची रांग लागलेली असते आणि मशीनच्या आवाजात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तेव्हा, सावळेरामचा फोन आला. "पाव्हणं, तेल पाजू का?"

गाड्याच्या लाकडाला तेल पाजतात हे मला माहीत होतं. पाजलं की ते उन्हापावसानं तडकत नाही. मला वाटलं, हात फिरवतो म्हणाला तो हाच. माझ्या डोळ्यांसमोर समृद्धीची ट्रंक आली, एसटीच्या टपावर, उन्हात. "पाजा," मी ओरडून म्हणालो. "चांगलं पाजा. चारशे किलोमीटर जायचंय."

चारशे किलोमीटर हा आकडा सावळेरामच्या काळजाला भिडला. त्याचे गाडे शर्यतीच्या घाटात काही शे फूट पळतात, त्यांना तो एक दिवस तेलात ठेवतो. चारशे किलोमीटर पळणाऱ्या वस्तूला त्यानं हिशोबानं तीन दिवस ठेवलं. गाड्यांचे आस बुडवायच्या लोखंडी पिंपात, करंजाच्या तेलात, उभी.

समृद्धी निघायच्या दोन दिवस आधी गिटार घरी आली. रंग काय सुंदर चढला होता, पिकल्या फणसासारखा. वासही चढला होता. मी सहाही तारा बांधल्या, समृद्धीनं जुळवल्या आणि पहिला हात फिरवला. गादीखाली ठेवलेला मोबाइल वाजावा तसा आवाज आला. तिनं पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. लाकूड तेल पिऊन तृप्त झालं होतं आणि त्याला आता गाण्यात रस उरला नव्हता.

मग सल्ले आले. गोरख म्हणाला भुशात पुरून ठेव. रमणलालशेठ म्हणाले उन्हात ठेवा, पण पातळ कपड्याखाली. त्यांच्या पत्नी कस्तुरबाई स्वतः डाळीच्या पिठाचा डबा घेऊन आल्या. "तेल उतरवायला याच्यापेक्षा चांगलं काही नाही. लहान मुलांचं अंग आपण कसं पुसतो?" आम्ही गिटारीला डाळीचं पीठ लावलं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीसारखं रगडून लावलं. पीठ पिवळं जर्द होऊन निघालं, शेठच्या म्हणण्यानुसार पावशेर तेल तरी निघालं असेल. आवाज होता तिथंच होता. भोकातून आत गेलेलं पीठ मात्र पुढं दोन दिवस सांडत होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळे आमच्या खोलीत जमले होते. मी समृद्धीसमोर खाली बसलो. मी म्हणालो, "बाळा, माझं चुकलं. सावळेरामनं विचारलं होतं. मीच म्हणालो पाजा. ती मोठी गिटार घे, कुठंही ठेव, मी वॉर्डनशी बोलतो." असं सगळ्यांसमोर कबूल करताना मला लाज वाटली, पण त्याहून जास्त वाईट वाटलं.

समृद्धीनं गिटार मांडीवर घेतली आणि वाजवायला लागली. दारं सताड उघडी होती. आम्हाला काही ऐकू येईना, म्हणून अश्विनी पुढं सरकली. कस्तुरबाई सरकल्या. रमणलालशेठनी खुर्ची सोडली आणि गुडघे दुखत असताना खाली बसले. मी आणि गोरख खांद्याला खांदा लावून अगदी तिच्या गुडघ्याशी. तिथं ऐकू येत होतं. बारीक होतं पण होतं, पडदे अचूक होते, एकही सूर वाकडा नव्हता. एवढ्या जवळ बसून मी माझ्या मुलीला कधी ऐकलंच नव्हतं. बंद दाराबाहेरून तर रोज ऐकायचो. वाजवताना तिचे ओठ हलतात, हे मला अठरा वर्षांनी कळलं.

"वाजतीय की," गोरख हळूच म्हणाला. मग थोड्या वेळानं आणखी हळू, माझ्याकडे न बघता, "त्या दिवशी घड्याळ बरोबरच व्हतं तुझं."

समृद्धीनं गिटार ट्रंकेत ठेवली. वर चादर, त्यावर पुस्तकं. ट्रंक बंद झाली. "मावली पप्पा," ती म्हणाली.

तिला सोडून आलो आणि घर रिकामं झालं. रोज फोन व्हायचा. जेवलीस का? हो. मुली कशा आहेत? बऱ्या आहेत. बोलतात का तुझ्याशी? हं. अश्विनी फोन ठेवायची आणि आम्ही एकमेकांकडे बघायचो नाही. मी तर गिटारीचं नावसुद्धा काढत नव्हतो. माझ्या हातानं मी तिला मुकी गिटार दिली होती, आणि ती खोलीत एका कोपऱ्यात बसून, जी कोणालाच ऐकू जात नाही अशी ती वाजवत असेल, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी तिचाच फोन आला. "पप्पा, आज वाजवून दाखवते. आईला पण बोलवा."

आम्ही फोन ओट्यावर ठेवला, स्पीकर लावला. पलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही. आम्ही वाकून वाकून फोनच्या जवळ गेलो. फ्रिज बंद केला, पंखा बंद केला. काही नाही. ती वाजवत असणार, नक्की वाजवत असणार, पण सावळेरामचं तीन दिवसांचं तेल काही त्या फोनला पार होत नव्हतं. मी ऐकू येत असल्यासारखी मान हलवत होतो, तिला दिसत नसूनही.

तेवढ्यात एक अनोळखी आवाज आला, लातूरकडचा, चांगला ठसक्यात. "ए, सरक की गं जरा. मला काईच ऐकू येईना झालंय."

"तू सरक," दुसरी म्हणाली. "मी पहिल्यापास्नं इथं बसलीय. रोज तूच जवळ बसतीस."

कोणीतरी हसलं. आणि मग समृद्धीचा आवाज आला, घरात आम्ही कधी ऐकला नव्हता असा, दटावणीचा. "भांडू नका. दोघी इकडं या, गुडघ्याला गुडघा लावून बसा. पहिल्यापासून वाजवते."

पुन्हा सगळं शांत झालं. गिटार शेवटपर्यंत ऐकू आली नाही. अश्विनीनं पदर डोळ्याला लावला आणि मी, आवाज होऊ नये म्हणून, ओट्यावरचं भांडं अलगद बाजूला सरकवलं.